गाणं कुणाच्या नावावर?

पालकहो, लेक हार्मोनियम घेऊन बसली असती तर तुम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं असतं. पण ती बसते लॅपटॉप घेऊन, कानाला हेडफोन, रात्री एकपर्यंत. स्वतःच लिहिते, स्वतःच चाल लावते, आवाजावर नाना प्रयोग करते. दाराबाहेर ऐकू येतं ते एकाच ओळीचं वीसदा गुणगुणणं. मग तुमच्या मनात येतं, हे काही खरं संगीत नव्हे आणि यात पोटही भरणार नाही. दोन्ही शंकांवर बोलू या. दुसरीवर जरा जास्त, कारण ती जास्त खरी आहे.

इमोजन हीप या गायिकेचं नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल, लेकीला विचारा. जन्म १९७७चा, लंडनच्या पूर्व टोकाचा. लहानपणी पियानो, चेलो, क्लॅरिनेट असं रीतसर शिक्षण झालं. पुढे निवासी शाळेत संगीतशिक्षकांशी काही पटलं नाही. शाळेत अटारी कंपनीचा संगणक होता, त्यावर ती एकटीच संगीत जुळवायला शिकली. सुरांचं शिक्षण आणि यंत्राचा नाद, दोन्ही एकाच मुलीत मुरलं. म्हणून सांगते, लॅपटॉप आला म्हणून गाण्याचा क्लास बंद करू नका आणि क्लास चालू राहावा म्हणून लॅपटॉपही हिसकावू नका. कान तयार नसेल तर महागडं सॉफ्टवेअरसुद्धा बेसूरच वाजतं.

आता पोटाचं. तिचा पहिला अल्बम १९९८ मध्ये आला. थोड्याच काळात तो काढणारी कंपनीच गुंडाळली गेली आणि विशीतली ही मुलगी करारावाचून राहिली. मग गाय सिग्सवर्थ या संगीतकाराबरोबर ‘फ्रू फ्रू’ नावानं तिनं २००२ मध्ये अल्बम केला. जाणकारांना आवडला, खपला मात्र बेताचा. त्यानंतर तिनं जे केलं ते वाचून तुमच्या काळजाचा ठोका चुकेल. तिनं स्वतःच्या फ्लॅटवर कर्ज काढलं, ‘मेगाफॉनिक’ हे स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि ‘स्पीक फॉर युवरसेल्फ’ हा अल्बम जवळजवळ एकटीनं लिहिला, गायला, ध्वनिमुद्रित केला. तो २००५ मध्ये आला.

त्यातलं ‘हाइड अँड सीक’ कसं झालं ते ऐका. काम चालू असताना संगणक बंद पडला. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही म्हणून तिनं आवाजाचे अनेक सूर करणारं एक यंत्र काढलं, त्याला माईक आणि कीबोर्ड जोडला आणि गायला लागली. ना ढोल, ना गिटार, नुसता आवाज. तेच गाणं ‘द ओ.सी.’ या अमेरिकन मालिकेत वाजलं आणि घरोघरी गेलं. २००९ मध्ये जेसन डेरुलो या गायकानं त्याचा तुकडा वापरून ‘व्हॉटचा से’ हे गाणं केलं, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या गीतकारांत इमोजनचंही नाव आहे. २०१० मध्ये तिला ग्रॅमी मिळालं, तेही गाण्यासाठी नव्हे, ‘एलिप्स’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक कामासाठी! लॅपटॉपपुढे जागवलेल्या रात्री अशाही फळतात.

म्हणून तुम्हीही घर गहाण टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. तो फ्लॅट तिचा होता, आईवडिलांचा नव्हे. आणि पदरी दोन अल्बमांचा अनुभव होता. सुरुवातीला एक बरा माईक, तो संगणकाला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस आणि चांगले हेडफोन इतकंच पुरतं. स्टुडिओ बांधून मागितला तर खुशाल ‘सध्या नाही’ म्हणा.

तुमची खरी गरज लागते ती कागदापाशी. वीस वर्षांच्या पोरीला गाणं करता येतं, करार वाचता येत नाही. तुम्ही मात्र फ्लॅटचे, शेतीचे, कर्जाचे कागद वाचून केस पिकवलेत. जमिनीला सातबारा असतो तसे एका गाण्याचे दोन उतारे असतात म्हणा ना. एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या जबाबदारीवर घरी केलेल्या गाण्याचे दोन्ही हक्क सहसा करणाऱ्याचेच. कंपनी सहसा दुसरा उतारा मागते, कधी दोन्ही. तो कायमचा द्यायचा की ठरावीक वर्षांसाठी वापरायला द्यायचा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपला कॉपीराइट कायदा याबाबतीत बरा आहे. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा असा बांधून ठेवलाय की सही करूनही तो सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच तेवढा सोपवता येतो. ही रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. आणि स्ट्रीमिंगच्या पैशावर संसार उभा राहील या भ्रमात कुणीच राहू नका. स्पॉटिफाय तर २०२४ पासून, बारा महिन्यांत हजारदासुद्धा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही. हातात पैसा येतो तो कार्यक्रमांतून, जाहिराती-मालिकांना दिलेल्या गाण्यांतून, दुसऱ्यांसाठी केलेल्या कामातून, आणि तोही उशिरा. इमोजनच्या पहिल्या अल्बमपासून २००५च्या त्या अल्बमपर्यंत सात वर्षं गेली. तेवढा काळ लेकीनं एखादी अर्धवेळ नोकरी केली तर ‘मग गाणं सोडलंस वाटतं?’ असं चुकूनही विचारू नका.

‘किती व्ह्यूज आले?’ हेही आजपासून विचारायचं सोडा. त्याऐवजी विचारा, ‘गाणं कुणाच्या नावावर आहे? बरोबर वाजवलेल्या मित्राचा वाटा लिहून ठेवलास का?’ आयपीआरएसचा अर्ज भरायला तिच्या शेजारी बसा. आणि कुठल्याही कंपनीचा कागद घरी आला, तर तो वकिलाला दाखवल्याशिवाय तिला सही करू देऊ नका. त्या वकिलाची फी मात्र तुम्ही भरा.