मधुमेह, पोटाचे ऑपरेशन आणि आपले ताट



वजन उतरवण्याचे ऑपरेशन केले की शुगर जाते आणि माणूस खायला मोकळा होतो, असे बोलणे हल्ली सातारा-सांगलीकडच्या गावांतही कानावर येते. यातला पहिला भाग काही जणांच्या बाबतीत खरा आहे. दुसरा मात्र कोणाच्याच बाबतीत खरा नाही. ऑपरेशनने जठर लहान होते, पण ताटाचा हिशेब जन्मभर ठेवावाच लागतो. तो कसा ठेवायचा, ते या पाठात पाहू.

१. पाट भरला, सरी कोरडी

पाट भरून वाहतोय, पण पाणी सरीत शिरत नाही, अशी कल्पना करा. पाट म्हणजे आपले रक्त, पाणी म्हणजे अन्नातून आलेली साखर, सरी म्हणजे शरीरातल्या पेशी आणि दारे धरणारा गडी म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन. टाइप दोनच्या मधुमेहात सुरुवातीला गडी कामावर असतो, पण सरीचे तोंड गाळाने बुजलेले असते. पोटात आणि यकृतात साठलेली चरबी हा तो गाळ. गडी दुप्पट राबतो, वर्षानुवर्षे राबून दमतो आणि साखर पाटातच तुंबते. या तुंबलेल्या साखरेने पुढे डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा बिघडतात.

तेव्हा नुसते गोड खाल्ल्याने शुगर होते, इतके हे सरळ गणित नाही. घराण्यातला वारसा, वाढलेला घेर, ताटातला जादा भात आणि कमी झालेले चालणे, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

२. टनेज सारखे, उतारा वेगळा

"मी कुठं जाडा आहे? मला कशाला शुगर होतीय?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. त्यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे बी.एम.आय. २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! दोन गाड्यांचे टनेज एकच भरावे आणि उतारा वेगळा निघावा, तसलाच हा प्रकार. आपल्याकडची माणसे हातापायाने किडकिडीत आणि पोटात चरबी बाळगून असतात.

म्हणून वजनकाट्याबरोबर टेप घ्यावी. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर मधुमेह समजतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. इथेच सावध झालेले बरे.

३. "गूळ तर चालतो ना?"

आपण उसाचे धनी, म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण त्यातला बहुतेक भाग साखरच असतो. काकवीचेही तेच. पक्व उसाच्या रसात शेकडा १४ ते १७ भाग साखर धरली, तर २०० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर झाली. चहातला एक चमचा सोडायचा आणि गुऱ्हाळावर दोन ग्लास रस प्यायचा, याला पथ्य म्हणत नाहीत. सभासद म्हणून मिळणारी साखर घरात यावी, पण ती घरातल्या सर्वांत वाटली जाते की एकाच्याच चहात जाते, एवढे पाहावे.

४. ऑपरेशन काय करते, काय करत नाही

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. यामुळे खाणे कमी होते, भुकेचे संदेश बदलतात आणि वजन उतरण्याच्या आधीच शुगर खाली येऊ लागते.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निकाल २०१७ साली आले. एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राहिलेले रुग्ण नुसत्या औषधांवर शेकडा ५, स्लीव्हनंतर २३ आणि बायपासनंतर २९ होते. फायदा मोठा आहे, बाकीच्यांपैकी अनेकांची औषधेही कमी झाली. पण शेकडा सत्तरांहून अधिक लोकांना ती पातळी राखता आली नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ऑपरेशन न करता, देखरेखीखाली खाणे घटवून १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी शेकडा ८६ जणांचा मधुमेह वर्षभराने औषधाविना मागे हटलेला दिसला. हे सर्व रुग्ण मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले होते. लवकर जागे होण्याचा फायदा तो हाच.

५. ऑपरेशननंतरचे जेवण

आधी पातळ, मग वाटलेले, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे, असा साधारण क्रम असतो. आपल्या रुग्णालयाने दिलेला कागद प्रमाण मानावा. त्यानंतरचे नियम जन्माचे आहेत.

पहिला घास प्रथिनांचा. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात ७-८. म्हणजे आधी अंडे, मासे, पनीर, दही, मुगाचे वरण, नंतर भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचे माप डॉक्टरांनी ठरवावे.

घास लहान, चावणे भरपूर. पाव आणि भात चिकटून अडकतात. भाकरी आमटीत कुस्करून खावी. पोट भरल्यासारखे वाटले की हात थांबवावा. "एवढं संपवा" असा आग्रह घरच्यांनीही करू नये.

जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने, घोट घोट प्यावे.

गोड टाळावे. कंदी पेढा किंवा रसाचा ग्लास पोटात गेला तर विशेषतः बायपासवाल्याला घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब होतात; एक ते तीन तासांनी शुगर एकदम खालीही जाऊ शकते.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायमच्या आणि वर्षातून एकदा तरी रक्ततपासणी. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडलेल्या माणसाला काही वर्षांनी पांडुरोग आणि हातापायांना मुंग्या येतात.

कंबरदुखीची गोळी मनाने घेऊ नये. अशा गोळ्यांनी विशेषतः बायपासनंतर आत व्रण होतो. तंबाखू-मिश्री बंद. दारू आता लवकर आणि जास्त चढते, तीही बंदच बरी.

६. रानात जाताना

ऑपरेशननंतर इन्सुलिन आणि शुगरच्या गोळ्यांचा डोस बहुधा लगेच कमी करावा लागतो. जुनाच डोस चालू ठेवला तर शुगर घसरते. कमी-जास्त डॉक्टरांनीच करावे.

रात्रीची लाइट आली की पाणी धरायला उपाशीपोटी जाऊ नये. हातपाय थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही शुगर ७० च्या खाली गेल्याची खूण असते. खिशात साखरेची पुडी असावी. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा, आणि मग दूध किंवा अंडे घ्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा.

तोडीनंतरच्या फडात अनवाणी फिरू नये. नसा बधिर झालेल्या पायाला उसाचा बुडखा लागलेला कळत नाही आणि साधी जखम पाय कापण्यापर्यंत जाते. रात्री दोन्ही तळवे घरच्या माणसाने पाहावेत.

तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. माती तपासून खताचा डोस ठरवणाऱ्या शेतकऱ्याने रक्त तपासून ताट ठरवायला हरकत नसावी. ऑपरेशन करायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. ताटात काय वाढायचे, ते आजपासूनच ठरवा.