स्टीम अवनमध्ये मोदक का चिरतात?

प्रश्न : स्टीम अवनमध्ये उकडीचे मोदक कोरडे पडून चिरतात. तापमान वाढवावे का?

उत्तर : मुळीच नाही. मोदकांना १०० अंश सेल्सिअसची निव्वळ वाफच हवी. त्यापुढे कोरडी उष्णता वाढते आणि तांदळाच्या पारीला नेमकी तीच सोसत नाही.

वाफेची खरी ताकद वेगळीच. गार पदार्थावर तिचे पाणी होताना किलोमागे सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता पदार्थाला मिळते. तेवढ्याच गरम हवेला हे जमत नाही.

अवन आधी वाफेने भरू द्यावा. छिद्रांच्या ट्रेवर हळदीची पाने अंथरून, प्रत्येक मोदक गार पाण्यात बुचकळून ठेवावा. १०-१२ मिनिटांत पारीला चकाकी येते. तरीही चिरले, तर उकड कमी मळली गेली असावी.

टाकीत बोअरवेलचे पाणी नको; क्षार साचतात.