चोरी नाही, तरी सर्व्हर ठप्प
प्रश्न : लिनक्समधील ‘सेवा-नकार’ त्रुटीमुळे माहिती चोरीला जाते का? (एक वाचक, विकास नगर, लखनौ)

उत्तर : नाही, यंत्रणाच बंद पाडून हक्काच्या वापरकर्त्याला ताटकळत ठेवणे, एवढाच या हल्ल्याचा हेतू असतो. नेटफ्लिक्सचे जोनाथन लूनी यांनी शोधलेली आणि १७ जून २०१९ रोजी जाहीर झालेली ‘सॅक पॅनिक’ ही कर्नेलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, त्रुटी याचे बोलके उदाहरण होय. ‘सॅक’ म्हणजे पाठवलेल्या माहितीचे कोणते तुकडे पोहोचले याची निवडक पोच. पाठवायच्या तुकड्यांची संख्या नोंदवणारा गणक १६ बिटांचा, म्हणजे कमाल ६५,५३५ पर्यंतचा होता. परंतु हल्लेखोराने तुकड्याची मर्यादा मुद्दाम ४८ बाइटांवर आणली की टीसीपी या माहिती-वहनाच्या नियमसंचातील ऐच्छिक नोंदी वजा जाता प्रत्येकात अवघे ८ बाइट उरत, आणि पोच हाताळताना ३२ किलोबाइटांचे १७ खंड एकत्र आले की तुकडे ६९,६३२ भरून गणक ओसंडे व कर्नेल आपणहून काम थांबवी. आकडेमोडीतली इतकी क्षुल्लक चूक २.६.२९ या आवृत्तीपासून नजरेआड राहिली, हे नवलच. दुरुस्त कर्नेल बसवणे हाच खरा उपाय असून, तोवर सॅक बंद ठेवता येते; मात्र नवे कर्नेल बसवूनही सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तर स्मृतीत जुनेच चालू राहते.