जुन्या बुलेटची रोजची चाकरी

रोज सकाळीं शाळेच्या फाटकांतून जी काळी बुलेट धडधडत आंत येते, तिजविषयीं वरच्या इयत्तांतील विद्यार्थी आम्हांस नाना प्रश्न विचारीत असतात. गाडी १९७४ सालची आहे, आणि जातां-येतां मिळून बावीस किलोमीटरांची चाकरी ती दररोज करते. इतकें जुनें यंत्र रोजच्या कामास वापरणें शहाणपणाचें कीं निव्वळ हौसेचें, हा त्या प्रश्नांपैकीं सर्वांत चांगला प्रश्न होय. त्याचें उत्तर देण्याआधीं यंत्र कसें आहे तें पाहणें अवश्य आहे.

बुलेट हें नांव इंग्लंडांतील रेडिच गांवच्या रॉयल एनफील्ड कंपनीनें १९३२ सालीं प्रथम योजिलें. आपल्या परिचयाची गाडी मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. आपल्या सेनेनें सरहद्दीवरील पहाऱ्याकरितां या गाड्या मागविल्या, आणि १९५५ सालीं मद्रास मोटर्सच्या भागीदारींत एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. मद्रासेजवळ तिरुवोट्टियूर येथें आरंभीं विलायतेहून आलेले भाग नुसते जुळवीत; पुढें ते सर्व येथेंच होऊं लागले. मूळचा विलायती धंदा १९७० च्या सुमारास बुडाला, परंतु तेंच ओतीव लोखंडी एंजिन आपल्या देशांत सुमारें २०१० पर्यंत निघत राहिलें. याचा फायदा आम्हां मास्तर मंडळीस असा कीं, पन्नास वर्षांच्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गांवींहि मिळतात. ज्या गाडीचे भाग मिळत नाहींत ती कितीहि देखणी असली तरी रोजच्या कामाची नव्हे.

गणिताच्या तासास उपयोगी म्हणून येथें एक आंकडेमोड देतों. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर. पिस्टनची दौड ९ सेंटिमीटर. वृत्तचितीचें सूत्र लावून २२/७ ने गुणिलें असतां ३४६.५ घन सेंटिमीटर येतात. लोक '३५०' म्हणतात तें एवढेंच. व्यासाहून दौड मोठी असल्यामुळें हें एंजिन सावकाश फिरतें, पण जोर चांगला देतें. घाटांत भरल्या गाडीस ओढणाऱ्या बैलाची चाल आठवावी.

गाडी चालू करण्याची रीत पाहून मुलें हंसतात, पण तींत विजेचा एक सुंदर धडा आहे. चावी फिरवून किक हळूहळू दाबीत गेलें म्हणजे ॲमीटरचा कांटा उणे बाजूस झुकतो, आणि एका क्षणीं मध्यावर येतो. पॉइंट उघडले व प्रवाह थांबला, असा त्याचा अर्थ. पिस्टन तेव्हां दाबाच्या टोंकाजवळ असतो. मग डीकॉम्प्रेसरचा दांडा ओढून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरावा, किक किंचित पुढें न्यावी, दांडा सोडावा, किक वर येऊं द्यावी आणि मग पुरी मारावी. अर्धवट मारलेली किक उलटली तर घोटा दुखावतो. सबब येथें आळस किंवा अर्धें मन उपयोगाचें नाहीं.

निगराणीचें म्हणाल तर तिला पैशापेक्षां नियमितपणा अधिक लागतो. पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. ती फीलर गेजनें पाहावी, अंदाजानें नव्हे. टॅपेट एंजिन पूर्ण थंड असतांनाच लावावे. प्लग काढला कीं तो एंजिनाची जीभच समजावी. तांबूस-तपकिरी असेल तर प्रकृति ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. तेलासाठीं दोन पंप आहेत, एक तेल देणारा व दुसरा परत नेणारा. गाडी बरेच दिवस उभी राहिली कीं टाकींतील तेल झिरपून क्रँकच्या पेटींत उतरतें, आणि चालू करतांच धुराचा लोट निघतो. रोज फिरणाऱ्या गाडीस हा विकार क्वचितच होतो. म्हणूनच आमचें मत असें कीं, कापड घालून ठेवलेल्या बुलेटपेक्षां चालती बुलेट दीर्घायुषी असते.

धक्क्यानें नट ढिले होतात हा या गाडीचा जुना दोष. आम्ही दर शनिवारीं पाना फिरवितों व स्प्रिंग वायसर जागेवर आहेत ना तें पाहतों. सिलिंडर नवा बोअर केला असेल तर आरंभींचे कांहीं शें किलोमीटर धीमेपणानें चालवावें. पिस्टन ॲल्युमिनिअमचा व सिलिंडर लोखंडाचा. उष्णतेनें ॲल्युमिनिअम लोखंडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें, आणि घाई केल्यास पिस्टन आंतच आवळला जातो.

आतां जिवाशीं संबंध असलेली गोष्ट. या गाडीचा गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं आहे. हल्लींच्या गाड्यांत नेमकें याच्या उलट. नव्या गाडीची संवय असलेला तरुण अडचणीच्या क्षणीं उजवा पाय दाबतो, तेव्हां ब्रेक न लागतां गिअर मात्र बदलतो. म्हणून कोणाहि विद्यार्थ्यानें काकाची वा मामाची जुनी बुलेट क्षणभरहि मागूं नये. शिवाय ब्रेक ड्रमचे आहेत, पावसांत ते आणखी मंदावतात. आणि सहा व्होल्टच्या दिव्याचा उजेड अंधाऱ्या रस्त्यास अपुरा. आम्ही दिवेलागणीपूर्वीं घरीं पोंचतों.

अलीकडे पेट्रोलाचा नवा प्रश्न उद्भवला आहे. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, त्यामुळें पत्र्याची टाकी आंतून गंजते. जुन्या प्रतीचें रबरहि त्यांत नरम पडतें. पेट्रोलची नळी व वायसर नव्या प्रतीचे घालावे, रात्रीं कॉक बंद करावा. धुराच्या बाबतींत मात्र या गाडीची वकिली करणें आम्हांस शक्य नाहीं. नव्या गाडींतील धूर शुद्ध करणारें साधन हिच्यांत मुळींच नाहीं. कार्बुरेटर नीट ठेवणें व धुराचा दाखला वेळेवर घेणें एवढेंच मालकाच्या हातीं आहे.

कायद्याचीहि एक बाजू आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊं शकते, आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. पुष्कळांस याचा मोह पडतो. पण अशी गाडी प्रदर्शन, शर्यतवजा मेळावे, संशोधन, पेट्रोल भरणें व दुरुस्ती एवढ्याचसाठीं रस्त्यावर आणतां येते; रोज कामावर जाण्यास नाहीं. ज्यास चाकरी करून घ्यावयाची आहे त्यानें साधी नोंदणीच राखावी. ती पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. गाडी तपासणीस न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आमच्या गाडीची पुढील पाळी २०२९ सालीं आहे. त्यापूर्वीं ब्रेकचे लायनर एकदां तरी बदलावे लागतील.