ध्वनिवर्धक पारखताना



आमचे दादा बोईसरजवळच्या बेटेगावात राहतात. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, पत्रे कापण्याच्या विभागात, त्यांनी तीस वर्षे काम केले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस करायची ठरवली. उत्तम ध्वनिवर्धकांची एक जोडी घ्यायची आणि आयुष्यभर जमवलेले गाणे निवांत ऐकायचे. "तू पदार्थविज्ञान शिकवतोस, तूच बरोबर चल," असे ते म्हणाले. नववीतली पुतणीही निघाली. लोकलने आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि जवळच्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन जोड्या ऐकवल्या. एक झाली, की लगेच दुसरी. दादा म्हणाले, "दुसरीच! पहिलीचा आवाज दबलेला आहे." पुतणी म्हणाली, "नाही बाबा, दुसरी कानाला टोचते." दोघांनी एकच गाणे एकाच खोलीत ऐकले होते. मग मत इतके वेगळे का? याचा उलगडा करण्यासाठी थोडे विज्ञान पाहू.

ध्वनिवर्धकात चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह गेला, की वेटोळे मागेपुढे हलते. त्याला चिकटवलेला कागदी किंवा प्लास्टिकचा शंकू हवा ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी 1925 साली मांडलेली ही रचना आजही बहुतेक ध्वनिवर्धकांत आढळते.

पण एकाच शंकूला सगळे स्वर पेलत नाहीत. ध्वनीचा वेग सेकंदाला 344 मीटर धरला, तर 40 हर्ट्झ कंप्रतेच्या स्वराची तरंगलांबी 8.6 मीटर येते, तर 10,000 हर्ट्झच्या स्वराची अवघी 3.4 सेंटिमीटर. खर्जाच्या स्वरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. हा झाला वूफर. उंच स्वर मोठ्या शंकूतून विजेरीच्या झोतासारखा सरळच जातो, बाजूला पसरत नाही. म्हणून त्यासाठी अडीच सेंटिमीटरचा लहान ट्वीटर बसवतात. ऐकताना ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा, असे सांगतात ते यामुळेच.

आता दुकानात परत येऊ. मी दुकानदाराला विचारले, "दोन्हींची संवेदनशीलता किती?" पहिलीची 86 डेसिबेल आणि दुसरीची 89 डेसिबेल होती. म्हणजे तेवढ्याच विद्युत्शक्तीत दुसरी जोडी 3 डेसिबेल अधिक आवाज देत होती. डेसिबेलच्या मापात 3 ची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दुप्पट! बटण तेच ठेवल्यामुळे दुसरी जोडी मुळातच मोठ्याने वाजत होती. इथे कान आपल्याला चकवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिले, की आवाज लहान असला म्हणजे कानाला खर्जाचे स्वर फारच कमी जाणवतात, आणि आवाज वाढवला, की ते भराभर पुढे येतात. म्हणून किंचित मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'भरदार' आणि 'चांगला' वाटतो.

तेव्हा पहिला नियम असा : आधी आवाज सारखा करा, मग तुलना करा. मोबाइलवरील आवाजमापकाने आम्ही दोन्ही जोड्या एका पातळीवर आणल्या. मग समोर पातळ कापड धरले. कोणती जोडी वाजवायची ते दुकानातला मुलगा नाणे उडवून ठरवू लागला. किंमत आणि चकाकी दिसेनाशी झाली. तरी दादांचा कौल बदलला नाही. "हिच्यात शब्द कळतात," असे ते प्रत्येक वेळी दुसऱ्या जोडीबद्दल म्हणत. पुतणीही आपल्या मतावर ठाम होती.

म्हणजे आवाजाचा लहानमोठेपणा हे पूर्ण उत्तर नव्हते. खोलीचा परिणाम असेल का? समोरासमोरच्या भिंतींत खर्जाचा स्वर अडकून अप्रगामी तरंग तयार होतो. दादांची घरची खोली 4.3 मीटर लांब आहे. तिच्या दुप्पट, म्हणजे 8.6 मीटर तरंगलांबीचा स्वर, अर्थात 40 हर्ट्झ, तिथे घुमणार. या स्वराचा दाब भिंतीशी सर्वाधिक बदलतो आणि मध्यभागी जवळजवळ बदलतच नाही. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्याला खर्ज भरपूर मिळतो, तर मधोमध बसलेल्याला तो हरवल्यासारखा वाटतो. आम्ही दादा आणि पुतणी यांच्या जागा बदलून पाहिल्या. डग्ग्याचा घुमारा बदलला, पण मते तीच राहिली.

मग मी मोबाइलमधून एकेक शुद्ध स्वर त्याच ध्वनिवर्धकांवर लावला. 1,000 हर्ट्झ दोघांनाही ऐकू आला. 2,000 लाही दोघांनी मान डोलावली. 4,000 ला पुतणीने हात वर केला. दादा म्हणाले, "लाव ना." स्वर तर लावलेलाच होता. बराच वाढवला तेव्हा त्यांना तो ऐकू आला. 8,000 त्यांना मुळीच ऐकू आला नाही. पुतणीला 16,000 सुद्धा येत होता. ती बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. घरी टीव्ही इतका मोठा का लावतात, यावरून ती त्यांच्याशी नेहमी भांडत असे.

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी एक नळी असते. जन्मतः तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. निरनिराळ्या जागच्या पेशी निरनिराळ्या कंप्रता टिपतात. वय वाढते तशी अगदी उंच स्वर टिपणारी टोकाची बाजू आधी दुबळी होते. सततच्या गोंगाटाने मात्र पहिला घाव बहुधा 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या पट्ट्यावर बसतो. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. 'स', 'श', 'फ' या व्यंजनांची ओळख पटवणारा ध्वनी मुख्यतः उंच कंप्रतांतच असतो. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. दुसरी जोडी नेमका हाच पट्टा वाढवून देत होती. दादांना ती स्पष्ट वाटली आणि पुतणीला टोचली. दोघेही खरेच सांगत होते.

दुकानातला हा प्रयोग म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे. त्या दिवशी आम्ही काहीच घेतले नाही. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे रीतसर श्रवणालेख काढला, तेव्हा 4,000 हर्ट्झपाशी मोठा खड्डा दिसला. आता दादा श्रवणयंत्र लावतात. ते लावून आम्ही पुन्हा दुकानात गेलो तेव्हा त्यांनी पहिली जोडी निवडली. तिची किंमतही कमी होती.

तुमच्यासाठी यात एक हिशेब आहे. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी 90 डेसिबेल ही मर्यादा आहे. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याविषयी संशोधन करणारी सरकारी संस्था याहून कडक, म्हणजे 85 डेसिबेलची मर्यादा सुचवते. शिवाय दर 3 डेसिबेलला वेळ निम्मा करावा, असेही ती सांगते. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2 तास. असे करत 100 डेसिबेलपर्यंत आलो, की हाती फक्त 15 मिनिटे उरतात. कानात बोंडे घालून मोठ्याने गाणी ऐकणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

करून पाहा : तुमच्या खोलीची लांबी मोजा. ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट, या सूत्राने घुमणारी कंप्रता काढा. तेवढ्या कंप्रतेचा स्वर मोठ्या ध्वनिवर्धकावर मंद आवाजात लावा आणि भिंतीपासून मध्यापर्यंत हळूहळू चालत जा. आवाज कुठे कमी होतो, तिथे खडूने खूण करा.

विचार करा : 1. त्याच सूत्राने 8.6 मीटर लांबीच्या वर्गात सर्वांत खालचा कोणता स्वर घुमेल? 2. ध्वनिवर्धक पारखताना रोज कानावर पडणारा आवाज, उदाहरणार्थ गावातला तारपा किंवा घरच्या माणसाचे बोलणे, मुद्रित करून नेणे का फायद्याचे?