मफीबोशेथाचे गाढव आणि आपली फटफटी

विद्यार्थिमित्रहो, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील मफीबोशेथाची कथा आपण शब्बाथशाळेत ऐकली आहे. शौल व योनाथान रणांगणी पडल्याची वार्ता येताच दाई पाच वर्षांच्या मफीबोशेथास घेऊन पळाली; त्या धांदलीत तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा अधू झाला. पुढे दावीद राजाने त्यास आपल्या पंक्तीस बसविले, हा भाग सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्याच कथेतील एका लहानशा गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अबशालोमाच्या बंडाच्या वेळी दावीद यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा गाढवावर खोगीर घालून राजामागे जाण्याचा मफीबोशेथाचा विचार होता. सीबा नामक चाकराने त्यास मागेच ठेवले, आपण गाढवे घेऊन राजास भेटला आणि धन्याविरुद्ध खोटे सांगितले. राजाने मफीबोशेथाची सारी मिळकत सीबाच्या स्वाधीन केली. सत्य कळल्यावरही ती निम्मीच परत देऊ केली.

अधू माणसाच्या वाहनाचे खोगीर दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे त्याची अब्रू व भाकरही दुसऱ्याच्या हाती जाते, हे यावरून दिसून येते. म्हणून अशा माणसास स्वतः चालविता येईल असे वाहन मिळणे ही चैन नव्हे. आपल्या जव्हार व मोखाडा तालुक्यांत तर ती निकडीचीच गोष्ट होय. येथील वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. एस.टी. डांबरी रस्त्यावर थांबते. पुढची चढउताराची वाट पायी तुडवावी लागते. दवाखाना, बाजार, कचेरी, शाळा या सर्वांसाठी तालुक्याच्या गावी जाणे भाग. निरोगी माणसास जी वाट तासाभराची, ती कुबडी घेतलेल्या माणसास पावसाळ्यात अशक्यप्राय होते. मोटारसायकल, जिला आपले वडील माणसे फटफटी म्हणत, ती अशा माणसाच्या उपयोगी कशी पडेल, याचा आज थोडा अभ्यास करू.

प्रथम हे वाहन चालविणाऱ्याकडून काय मागते ते पाहू. आपल्याकडील नेहमीच्या मोटारसायकलीत उजवा हात वेग वाढवितो व पुढचा ब्रेक दाबतो. डावा हात क्लच सांभाळतो. डावा पाय गिअर बदलतो. उजवा पाय मागचा ब्रेक दाबतो. शिवाय गाडी थांबली की दोन्हींपैकी एका पायाने जमिनीवर टेका द्यावा लागतो. याप्रमाणे चार अवयवांवर पाच-सहा कामे वाटलेली आहेत. एखादा अवयव निकामी झाला तर त्याचे काम दुसऱ्यास वाटून देणे, हेच या साऱ्या विद्येचे सूत्र आहे.

उजवा पाय अधू असेल तर मागच्या ब्रेकचे काम हातास द्यावे लागते. याचे प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियाचा शर्यतपटू मिक डूहान याचे. १९९२ साली हॉलंडमधील आसेन येथे त्याचा उजवा पाय इतका जायबंदी झाला की तो कापावा लागतो की काय, अशी भीती उत्पन्न झाली. पाय वाचला, परंतु घोट्याने पूर्वीसारखा ब्रेक दाबवेना. तेव्हा डाव्या मुठीजवळ अंगठ्याने दाबावयाचा ब्रेक बसविण्यात आला. त्यानंतर १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे त्याने ५०० सी.सी. वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले!

डावा पाय गेला असेल तर प्रश्न गिअरचा. कृत्रिम पायाच्या घोट्यास स्वतःची हालचाल नसते आणि तळव्यास स्पर्श कळत नाही. म्हणून पंजाने गिअर उचलणे कठीण जाते. पुढे पंजाने व मागे टाचेने दाबावयाचा दुहेरी गिअरदांडा येथे सोयीचा पडतो, कारण त्यास केवळ वरून दाब पुरतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे बिनगिअरची स्कूटर. तिचे दोन्ही ब्रेक हातांत असतात व क्लच आपोआप लागतो.

दोन्ही पायांत बळ नसेल तर? वेन रेनी हा अमेरिकन शर्यतपटू १९९३ साली इटलीतील मिसानो येथे पडून छातीखाली लुळा झाला. २०१९ साली जपानमधील सुझुका येथे, सर्व नियंत्रणे हातांच्या कक्षेत आणलेल्या मोटारसायकलीवर तो पुन्हा बसला. परंतु निघताना व थांबताना गाडी धरण्यास त्याच्याजवळ माणसे होती. आपल्या पाड्याच्या वाटेवर अशी माणसे कोठून आणावी? म्हणूनच आपल्याकडे स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस एकेक जादा चाक लावण्याची रीत पडली आहे. गाडी आपली आपण उभी राहते, कुबड्यांसाठी बाजूस आकडा बसविता येतो, आणि माणूस कोणाचा हात न धरता घराबाहेर पडतो.

मात्र येथे विज्ञानाचा एक धडा नीट ध्यानी धरावा. दुचाकी वळणावर आत झुकते व त्या झुकण्याने केंद्रोत्सारी प्रेरणेशी तोल साधते. जादा चाके लागली की तिला झुकता येत नाही. सारा जोर तिला बाहेर उलथविण्याकडे लागतो. समजा, घाटातील वळणाची त्रिज्या २० मीटर आहे व वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर आहे. वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागले असता ५ येतात. म्हणजे हा जोर गाडीच्या वजनाच्या सुमारे निम्मा झाला. आता बाजूच्या चाकांमधील अंतर ८० सेंटिमीटर आणि माणसासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच धरू. निम्मी रुंदी ४० भागिले उंची ८० म्हणजेही निम्मेच. अर्थात् गाडी उलथण्याच्या काठावर आली! पुढे एकच चाक असल्यामुळे तळ त्रिकोणी होतो व प्रत्यक्षात ती याहूनही आधी उलथेल. हाच वेग ताशी १८ केला तर जोर निम्मा न होता चौथाईवर येतो. घाटात अशा गाडीवाल्याने वेग निम्म्यावर का आणावा, याचे उत्तर या गणितात आहे. शिवाय खड्ड्यात बाजूची चाके काठांवर टेकून मधले चाक अधांतरी राहिले, तर ओढही जाते व त्या चाकाचा ब्रेकही व्यर्थ ठरतो. म्हणून असे काम जाणत्या कारागिराकडूनच करवावे.

अशा खटपटीतून मोठी कार्ये उभी राहतात. इंग्लंडमध्ये बर्ट ग्रीव्ह्ज याने आपल्या लुळ्या चुलतभावाच्या, डेरी प्रेस्टन-कॉब याच्या, चाकाच्या खुर्चीस इंजिन बसविले. त्यातून दुसऱ्या महायुद्धानंतर दोघांनी अपंगांसाठी गाड्यांचा कारखाना काढला, आणि त्यातूनच पुढे ग्रीव्ह्ज मोटारसायकली निघाल्या. १९६० व १९६१ साली त्यांवर युरोपचे २५० सी.सी. मोटोक्रॉस अजिंक्यपद जिंकले गेले. आपल्या महाराष्ट्रातही खडकी येथील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९१७ सालापासून जायबंदी सैनिकांस हस्तोद्योग शिकवीत आली, आणि पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली स्थापन झाले.

कायदाही या बाबतीत प्रतिकूल नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने ‘अशक्तांची गाडी’ या अर्थाचा जुना शब्द जाऊन ‘अनुकूलित वाहन’ हा शब्द आला. अर्जदार अशी गाडी चालविण्यास योग्य ठरल्यास केवळ तेवढ्याच वाहनाचा परवाना त्यास देता येतो. गाडीत फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची अनुमती घ्यावी, नोंदणीपुस्तकात नोंद करवावी आणि विमा कंपनीसही कळवावे. नोंद नसलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर भरपाईस अडथळा येऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अशा व्यक्तींच्या प्रवासाच्या सोयीकडे लक्ष देण्याचे कर्तव्य शासनावर घातले आहे.

पालकांस एक विनंती आहे. घरातील मूल पायाने अधू असेल तर ‘तू घरीच बस, आम्ही आणून देऊ’ असे मायेने म्हटले जाते. ती माया खरी असते. पण त्या मुलास गाडीचे गणित शिकवावे, हाती पाना द्यावा, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर रीतसर परवाना काढून द्यावा, ही माया अधिक टिकाऊ होय. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी जो कोणी उद्या गॅरेजात काम करील, त्याने ध्यानात ठेवावे की बाजूच्या चाकाचा एक बोल्ट नीट आवळणे ही देखील शेजाऱ्यावरील प्रीतीच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न
१. ताशी २७ किलोमीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येचे वळण घेताना गाडीवर वजनाच्या कितवा भाग जोर येईल?
२. उजवा हात अधू असलेल्या माणसासाठी मोटारसायकलीची कोणकोणती कामे कोठे हलवावी लागतील? आकृती काढून दाखवा.
३. आपल्या पाड्यापासून एस.टी. थांब्यापर्यंतच्या वाटेवर जादा चाकांच्या गाडीस कोठे कोठे अडचण येईल, ते पाहून लिहा.