गोपाळबाबा वलंगकर : पेन्शनीनंतरची सेवा

नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, की माणूस घर, शेत आणि नातवंडे यांत रमतो. त्यात गैर काही नाही. परंतु १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या एका सैनिकाने आपली खरी कामगिरी तेथून पुढे सुरू केली. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर.

गोपाळबाबांचा जन्म सन १८४० च्या सुमारास महाडजवळील रावढळ गावी महार कुटुंबात झाला. माता रमाई यांच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. गावात अस्पृश्यांच्या मुलांना शाळेचे दार बंद होते. पलटणीत मात्र शिपायांना लिहिणे-वाचणे शिकण्याची सोय होती. दापोली हे छावणीचे गाव असल्यामुळे तेथे पेन्शनर महार सैनिकांची वस्ती होती. अंगी शिस्त, हाती अक्षर आणि उपजीविकेसाठी गावकीवर विसंबण्याची गरज नाही, असा हा वर्ग होता. पुढील चळवळीचा पाया येथेच घातला गेला.

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा गोपाळबाबांवर खोल परिणाम झाला. ‘दीनबंधू’ व ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेख लिहिले. ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेत त्यांनी अस्पृश्यता मानणाऱ्यांना एकामागून एक प्रश्न विचारले. विटाळ कोठून आला? त्याला आधार काय? ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्थाही त्यांनी काढली.

याच काळात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. हा घाव केवळ पगारावर नव्हता. शिक्षणाची आणि मानाची एकमेव वाटच त्यामुळे बंद होत होती. म्हणून १८९४ साली गोपाळबाबांनी सरकारकडे करावयाचा विनंती अर्ज तयार केला. आपले पूर्वज क्षत्रिय होते, असे त्यात प्रतिपादन होते. आज आपण हक्क मागतो तो माणूस म्हणून. त्यासाठी क्षत्रियत्वाचा दाखला लागत नाही. ही दृष्टी पुढे बाबासाहेबांनी दिली. परंतु गप्प बसण्याच्या त्या काळात लेखी जाब विचारणे हेच मोठे धैर्य होते.

१८९५ साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक अस्पृश्य आपल्या बरोबरीने बसणार, हे उच्चवर्णीय सभासदांना रुचले नाही. तरी सार्वजनिक कामात अस्पृश्याची जागा असते, हे महाडने प्रथम पाहिले. १९०० साली रावढळ येथे गोपाळबाबांचे निधन झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्याच महाडात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले. आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. दोन्ही दिवस पाहण्यास गोपाळबाबा नव्हते.

आज आपल्या समाजात शिक्षक, कारकून, सैनिक, अधिकारी असे पेन्शनर घरोघरी आहेत. त्यांच्याजवळ वेळ आहे, अनुभव आहे, अक्षर आहे. वस्तीतील एखाद्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, हेही गोपाळबाबांचेच काम पुढे नेणे होय.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न :
१. सैन्यभरती बंद झाल्याने समाजाचे कोणते नुकसान झाले?
२. गोपाळबाबांचा अर्ज व महाडचा सत्याग्रह यांतील भूमिकेत कोणता फरक दिसतो?
३. आपल्या वस्तीतील एका निवृत्त व्यक्तीला भेटून तिच्या कार्याची माहिती लिहा.